तुरुंगाचे घर असावे शेजारी

नाशिकरोडला ‘जेलरोड’ असा पत्ता सांगताना कुणी चाचरत नाही. तिथे शाळा आहेत, मंगल कार्यालये आहेत, दवाखाने आहेत, मिसळीची दुकाने आहेत. ‘मुलगा जेलरोडचा आहे’ असे स्थळ सांगून आले तरी घरात कुणाच्या भुवया चढत नाहीत. ज्या तुरुंगामुळे रस्त्याला हे नाव पडले तो तिथेच उभा आहे आणि त्याच्या भिंतीकडे रोज बघणाऱ्या माणसांना ती भिंत आता दिसेनाशी झाली आहे. पुण्यात येरवड्याचेही थोडेफार तसेच. १८७१ साली इंग्रजांनी तिथे तुरुंग बांधला तेव्हा ते नदीपलीकडचे माळरान होते. तुरुंग काही पुण्यात घुसला नाही. पुणेच वाढत वाढत त्याच्या दारापर्यंत गेले, त्याच्या पुढे विमानतळापर्यंत गेले, आणि मागे वळून बघितल्यावर त्याला वाटले, अरे, हा इथे कशाला?

असे वाटणारे पुणे एकटे नाही. ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग तर जुन्या किल्ल्यात, ऐन शहराच्या पोटात आहे. तो हलवावा, ही मागणी तिथे अधूनमधून डोके वर काढते. मुंबईत आर्थर रोडबद्दल तेच बोलले जाते. दिल्ली सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात तिहार शहराबाहेर नेण्याच्या पाहणीसाठी दहा कोटी रुपये ठेवले. कारणे सगळीकडे सारखीच दिली जातात: गर्दी झाली, इमारती जुन्या झाल्या, सुरक्षेचा प्रश्न आहे. चौथे कारण कुणी मोठ्याने बोलत नाही, पण ते सातबाऱ्यावर लिहिलेले असते. येरवड्याच्या तुरुंगाकडे पाचशे एकरांहून जास्त जमीन आहे.

मला याच्या उलट म्हणायचे आहे. तुरुंग शहरातच असावा. नुसता असावा असे नव्हे, तर एसटी स्टँडपासून आणि कोर्टापासून चालत जाता येईल इतका जवळ असावा. तुरुंग आजूबाजूच्या समाजाची जी खरी सेवा करतो, किंवा करू शकतो, ती जवळ असण्यावर अवलंबून आहे. भिंतीची उंची कमी-जास्त झाली तर चालेल; अंतर वाढले की सगळा डाव फिसकटतो.

‘तुरुंग आणि सेवा’ म्हटले की आपल्याकडे लगेच विक्री केंद्र आठवते. दिवाळीला कैद्यांनी केलेल्या वस्तूंचा मेळा भरतो, पेपरात फोटो येतो, साहेब एखाद्या सागवानी खुर्चीवर बसून बघतात. खुर्ची चांगलीच असते, त्याबद्दल वाद नाही. नाशिकरोडच्या तुरुंगातले गणपती लोक आवर्जून नेतात. कोल्हापूरला काही काळ अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्याच्या तुरुंगात वळले गेले. येरवड्याला विमानतळाच्या रस्त्यावर कैद्यांनी चालवलेले उपाहारगृह निघाले, आणि तिथे जाणाऱ्यांना आपण कुणाच्या हातचे खातो आहोत याचे थोडे कौतुक, थोडी गुदगुल्या करणारी भीती, असे दोन्ही वाटत असावे. सरकारी कचेऱ्यांतली टेबले आणि कपाटे वर्षानुवर्षे तुरुंगातून येत आली आहेत. ज्या टेबलावर जामिनाचे कागद अडकून पडतात ते टेबलही कदाचित आतल्याच कुणीतरी रंधा मारून गुळगुळीत केलेले असेल.

हे सगळे चांगले आहे. पण यालाच तुरुंगाची समाजसेवा म्हणणे म्हणजे दवाखान्याची कामगिरी त्याच्या कँटीनमधल्या चहावरून ठरवण्यासारखे आहे. शिवाय त्या खुर्चीमागचा हिशोबही बघावा. महाराष्ट्रात कैद्याला मिळणारी मजुरी आजही दिवसाला शंभर रुपयांच्या आतच असते. कैद्यांना कष्टाचा रास्त मोबदला द्या आणि त्यातला वाटा ज्यांच्यावर अपराध झाला त्यांच्यासाठीही ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले होते. इतक्या मजुरीत दोघांच्याही हाती काय पडणार, हे कुणीही बोटांवर मोजावे. या सगळ्यात मला मनापासून आवडलेली एकच गोष्ट आहे आणि तिचा फोटो क्वचितच छापून येतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ च्या महाराष्ट्र दिनी येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्क्यांनी, जामीनदाराशिवाय, आणि फेड त्याच्या आतल्या मजुरीतून. पैसे कशाला? मुलीची फी, आईचे ऑपरेशन, घराचे पत्रे. माणूस आत आणि त्याचे घर बाहेर, आणि दोघांमध्ये एक धागा. योजना लहान आहे, पण तिने तुरुंगाचे खरे काम ओळखले आहे: तो धागा तुटू न देणे.

आता आत कोण असते ते बघू. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो पक्का कैदी: खून, दरोडा, जन्मठेप. आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या १,३३० तुरुंगांत मिळून ५,७३,२२० माणसे होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. ते तारखेची वाट बघत आहेत. मध्यवर्ती तुरुंगात पक्के तुलनेने जास्त असतील, पण जिल्ह्याच्या तुरुंगात बघाल तर बराकी कच्च्या कैद्यांनीच भरलेल्या. तेव्हा जिल्ह्याचा तुरुंग ही बहुतांशी शिक्षेची जागा नव्हेच. ती कोर्टाची प्रतीक्षा खोली आहे, फक्त तिला बाहेरून कुलूप आहे.

आणि या खोलीत बसलेली माणसे परगावची नाहीत. ती याच जिल्ह्यातली, याच तालुक्यांतली, पुष्कळदा याच शहराच्या चार वस्त्यांतली. आज ना उद्या ती तिथेच परत जाणार आहेत. कुणी तीन महिन्यांनी, कुणी तीन वर्षांनी, पण जाणार. परत जाणारा माणूस कसा परत जातो, यावर त्या वस्तीची पुढची दहा वर्षे ठरतात. तुरुंगाने आजूबाजूच्या समाजाला काय दिले याचा ताळेबंद मांडायचा तर तो इथे मांडावा लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पालेभाजी विकायला बसणाऱ्या एका बाईंचा मुलगा मोटारसायकल चोरीच्या गुन्ह्यात आत गेला. तुरुंगाचे नाव इथे नको. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून पहिल्या मुलाखतीला मी बरोबर गेलो. पत्रकार परिषद करून मिळते ती मुलाखत नव्हे. तुरुंगाबाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडी मुलाखत म्हणजे भेट. सकाळी नऊला नाव लिहायचे, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, मोबाईल समोरच्या चहावाल्याकडे दहा रुपये देऊन ठेवायचा, आणि हाक येईपर्यंत भिंतीच्या सावलीत बसायचे. सावली सरकेल तसे सरकायचे. मग पंधरा-वीस मिनिटे काचेच्या अलीकडे-पलीकडे, हातात फोन. बाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा: “आंघोळीला गरम पाणी देतात का रे?” वकील, तारीख, जामीन हे विषय त्यांनी माझ्यावर सोपवले होते.

तुरुंग शहरातच होता. बाई दर आठवड्याला जात. सकाळचा बाजार करून, साडेअकराच्या आत. धंदा अर्धा दिवस बुडे, पण पूर्ण नाही. चार महिने असे गेले. मग एक दिवस कळले की गर्दी झाली म्हणून काही जणांना दुसऱ्या तुरुंगात वर्ग केले आहे आणि त्यात हा आहे. तो तुरुंग दोनशेहून जास्त किलोमीटरवर. आता जायचे म्हणजे आदल्या रात्री निघायचे, सकाळी पोचायचे, रात्री परत निघायचे. भाडे, खाणे, दोन दिवसांचा बुडालेला धंदा. दर आठवड्याच्या भेटीची महिन्याची भेट झाली, महिन्याची मग सणासुदीची. कुणी तशी बंदी घातली नव्हती. कुठल्याही कागदावर ‘भेट बंद’ असे लिहिलेले नव्हते. नुसत्या अंतराने ते काम केले. सव्वा वर्षाने तो जामिनावर सुटून आला तेव्हा घरात पाहुण्यासारखा वागे, पाणी पिण्याआधी विचारी. आणि त्याला न्यायला, सोडायला, भेटायला आता दुसरी माणसे येत. ती त्याला आत भेटलेली होती. आई येऊ शकली नाही त्या वर्षात ती रोज त्याच्या शेजारी होती.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. पण या उदाहरणात असे काहीच नाही जे कुठल्याही मुलाखतीच्या रांगेत उभे राहून दहा जणांकडून ऐकायला मिळणार नाही.

अंतर ही स्वतंत्र शिक्षा आहे, हे इंग्रजांना पक्के ठाऊक होते. म्हणून तर त्यांच्या कायद्यात कैद वेगळी होती आणि काळे पाणी वेगळे होते. टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली तेव्हा पुण्यात तुरुंग नव्हता असे थोडेच आहे? येरवडा तेव्हा सदतीस वर्षांचा होता. तरी त्यांना मंडालेला धाडले, कारण भिंतीपेक्षा समुद्र जास्त तोडतो. उलट बाजूचेही उदाहरण येरवड्याचेच आहे. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींचे उपोषण चालू असताना बाबासाहेब आंबेडकर आणि इतर पुढारी पुण्यात मुक्कामाला होते आणि वाटाघाटींसाठी तुरुंगात ये-जा करत होते. तुरुंगाच्या आवारातल्या आंब्याखाली बैठका झाल्या आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या कराराबद्दल कुणाचे मत काहीही असो, आणि मतभेद आजही तीव्र आहेत, पण तुरुंग अंदमानात असता तर त्या आठवड्यात या वाटाघाटी होणे शक्यच नव्हते. तुरुंग टांग्याच्या वाटेवर होता म्हणून त्या झाल्या.

स्वातंत्र्यानंतर आपण काळे पाणी रद्द केले. १९५५ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेतली ती शिक्षा गेली आणि तिच्या जागी जन्मठेपेची कैद आली. कायद्यातून काढलेली गोष्ट आता आपण जमिनीच्या भावाने परत आणतो आहोत, आणि तीही बहुतांशी गुन्हा सिद्ध न झालेल्या माणसांसाठी. गुंडाला तडीपार करण्यासाठी पोलिसांना निदान नोटीस काढावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, हुकमावर मुदत लिहावी लागते. तुरुंगच तडीपार केला की आतले हजारभर एका ठरावात तडीपार होतात, आणि ऐकून घ्यायची भानगड नाही.

मुंबईचा अनुभव समोर आहे. आर्थर रोडचा तुरुंग १९२६ चा, अधिकृत क्षमता वर्षानुवर्षे ८०४ होती आणि आत तीन हजारांहून जास्त माणसे. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. पण तो आहे त्या सात रस्त्याला पोचायला गोवंडीच्या बाईला लोकलचे तिकीट आणि थोडी पायपीट पुरते. तळोज्याचा मध्यवर्ती तुरुंग २००८ साली सुरू झाला. तिथे जायचे तर हार्बर लाइनने खारघर गाठा, मग बस किंवा रिक्षा, आणि रिक्षावाल्याने ‘जेल’ ऐकल्यावर सांगितलेले भाडे. जो वकील आर्थर रोडला कोर्टातून परतताना डोकावू शकतो तो तळोज्याला पूर्ण दिवस मोडून जातो. मोडत नसेल तर जात नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या फुकट वकिलाकडून दिवस मोडण्याची अपेक्षा किती करायची? आरोपीला कोर्टात न्यायला पोलीस पार्टी लागते. ती मिळाली नाही की तारीख फुकट. जितका रस्ता लांब तितकी पार्टी मिळणे अवघड, आणि जितक्या तारखा फुकट तितका मुक्काम लांब. म्हणजे गर्दीवर उतारा म्हणून लांब नेलेला तुरुंग स्वतःच गर्दी तयार करतो.

यावर आजकाल एक हुकमी उत्तर दिले जाते: व्हिडिओ कॉन्फरन्स. आरोपी पडद्यावर हजर, आई ई-मुलाखतीवर हजर, अंतर कुठे उरले? सोय चांगली आहे आणि मी ती नाकारत नाही. परदेशात नोकरीला असलेल्या भावाला तिचा उपयोग होतो. पण कोर्टाची तारीख ही आपल्याकडे नुसती कोर्टाची तारीख कधीच नव्हती. घरची माणसे आवारात येऊन थांबत. हवालदार जरा माणुसकीचा असेल तर दोन वाक्ये बोलू देई, एखादा वडापाव हातात देऊ देई. वकिलाच्या कानात एक गोष्ट सांगता येई जी पडद्यावरून, मागे शिपाई उभा असताना, सांगता येत नाही. पोरगे वाळले आहे की नाही हे आईला पडद्यावर कळत नाही, तिथे सगळेच चेहरे सारखे पांढुरके दिसतात.

शहरवाल्यांच्या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. तुरुंगाच्या आसपास इमारतींच्या उंचीवर बंधने असतात आणि त्यामुळे जुन्या चाळींचा पुनर्विकास अडतो. ज्यांच्या घराचे छत गळते त्यांना आतल्या कैद्याच्या मुलाखतीचे कौतुक का असावे? जॅमरमुळे शेजारच्या सोसायटीत फोन लागत नाही, हेही खरे. पण या तक्रारींची उत्तरे तक्रारींच्या आकाराची हवीत. उंचीचे बंधन भिंतीपासून किती अंतरापर्यंत हवे, खिडक्यांची तोंडे कुठल्या बाजूला हवीत, जॅमर कुठल्या ताकदीचा, हे इंजिनिअरने बसून सोडवायचे प्रश्न आहेत. त्यांच्यासाठी तुरुंग उचलून माळावर टाकणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे झाले.

ठाण्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा असतो. तिथे १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिले. ती जागा स्मारक व्हावी ही भावना समजण्यासारखी आहे, आणि फाशीची जागा राखून तिथे लोकांना जाऊ द्यायला काहीच हरकत नसावी. पण त्यासाठी जिवंत कैदी लांब न्यायचे, हा हिशोब मला पटत नाही. कोर्ट नाका त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर आहे. जिथून आरोपी कोर्टात चालत नेता येतो असा तुरुंग एकदा मोडला की पुन्हा बांधता येणार नाही. शहरात तेवढी जागा परत कुणी देणार नाही.

आणि गर्दी? गर्दी हा खरा प्रश्न आहे, पण त्याचा पत्ता तुरुंग नव्हे. २०२० साली करोनाच्या धास्तीने सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना समित्या नेमायला सांगितले आणि महाराष्ट्रातून दहा हजारांहून अधिक कैदी तात्पुरते सोडले गेले. आभाळ कोसळले नाही. म्हणजे सोडता येण्याजोगी इतकी माणसे आत होती; विषाणू येईपर्यंत आपल्याला ती दिसली नव्हती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचे आहे, इतरांसाठी निम्मा, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. ज्यांना जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नाही त्यांच्यासाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, सुरुवातीच्या नियमांप्रमाणे कच्च्या कैद्यामागे चाळीस हजारांपर्यंत आणि दंडापायी अडकलेल्या पक्क्यामागे पंचवीस हजारांपर्यंत. कायदा आहे, पैसा आहे. मग अडते कुठे? अडते ऐपतदार जामिनावर, तहसीलमधल्या दाखल्यावर, सातबारा कुणाच्या नावावर आहे यावर. १९७८ सालचा मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याला नाकारले, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलेच फटकारले. म्हणजे तिथेही आडवे आले ते अंतरच. माणूस आपल्या माणसांपासून जितका दूर, तितका त्याचा जामीन दूर.

इथे कुणीतरी आटपाडीचे नाव काढेल, आणि काढावेच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या आग्रहावरून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंत नाही, गज नाहीत. कैदी शेती करतात, आणि बायको-मुले बरोबर राहतात. त्यावरून सुचलेला १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सगळ्यांनी बघितला आहे. ती वसाहत सांगली जिल्ह्यात अजून चालू आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आता आटपाडी म्हणजे काही शहराचा मध्य नव्हे. दुष्काळी माणदेश, तेव्हा तर एसटीही नव्हती. मग माझ्या म्हणण्याचे काय झाले?

मला वाटते, स्वतंत्रपूरनेच ते सिद्ध केले. औंधच्या राजाने कैद्याला घरापासून लांब नेले नाही, त्याने घरच कैद्याकडे आणले. अंतर मोजायचे ते शहराच्या चौकापासून नव्हे, त्या माणसाच्या चुलीपासून. चूल बरोबर येत असेल तर तुरुंग खुशाल माळावर न्या. राज्यात एकोणीसच्या आसपास खुली कारागृहे आहेत, पैठणला, मोर्शीला, विसापूरला. तिथे भिंत पातळ झाली, काम उघड्यावर आले, हे मोठेच पाऊल. पण कुटुंबासकट राहण्याची कल्पना पंचाऐंशी वर्षांत एका वसाहतीपुढे फारशी सरकली नाही. जे तुरुंग शहराबाहेर न्या म्हणतात, त्यांच्यापैकी कुणाच्या आराखड्यात कैद्याच्या बायकोसाठी खोली आणि मुलांसाठी शाळा असेल तर मी माझा लेख मागे घेतो.

तसे ते नसते. जे असते ते गावकुसाबाहेर ढकलणे, आणि ती सवय आपल्याला जुनी आहे. तुरुंगाने ती गावाकडूनच उचलली होती: झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून ठरत असे, आणि ते घटनाबाह्य आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. गावाचे दुखणे भिंतीच्या आत गेले की ते किती वर्षे कुणाच्या नजरेला पडत नाही, याचा हा पुरावा. अंतर वाढवले तर नजर आणखी कमी होईल. तुरुंगाच्या नियमांत अशासकीय अभ्यागतांची तरतूद आहे. शहरातल्या चार जाणत्या माणसांनी अधूनमधून आत जावे, बराक बघावी, भाकरी चाखावी, तक्रार ऐकावी. किती जिल्ह्यांत या नेमणुका नुसत्या कागदावर आहेत, ते आपल्या जिल्ह्यात चौकशी केली तरी कळेल. पण जे थोडे लोक खरोखर जातात ते जाऊ शकतात कारण तुरुंग त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. निवृत्त शिक्षक आठवड्यातून दोनदा आत जाऊन अक्षरे शिकवतो, एखादी कायद्याची विद्यार्थिनी कच्च्या कैद्यांचे अर्ज लिहून देते, टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प मुंबईत १९९० पासून हे काम करतो आहे. अशी माणसे शहरात सापडतात. साठ किलोमीटरवरच्या माळावर फक्त कंत्राटदार सापडतो.

या वादात एक पक्ष कधीच बोलत नाही, कारण त्याला बोलण्याचे साधन नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, मग तो पक्का असो वा कच्चा. गुन्हा सिद्ध झालेला असो वा नसो, नगरसेवकाच्या वहीत त्याचे नाव नाही. शेजारच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्यांची नावे मात्र आहेत. आतल्याची आई, बायको, भाऊ यांना मते आहेत, पण ती जिल्हाभर विखुरलेली, आणि कुठल्याही सभेत उठून ‘माझा मुलगा आत आहे, तुरुंग इथेच ठेवा’ असे म्हणण्याची हिंमत त्यांना कुठून यावी? भाजीवाल्या बाईंनी शेजारणींना सव्वा वर्ष सांगितले होते की मुलगा पुण्याला कंपनीत लागला आहे.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आणि हिशोबी आहे. जिथे कुठे तुरुंग हलवण्याचा ठराव मांडला जाईल तिथे त्या ठरावाला एक परिशिष्ट जोडावे. त्या जिल्ह्याच्या सगळ्यात लांबच्या तालुक्यातून, म्हणजे सांगलीचा विचार केला तर जतहून, नव्या जागी पोचायला पहिली एसटी किती वाजता, ती कुठे बदलायची, तिकीट किती, मुलाखतीचे नाव लिहायची वेळ संपायच्या आत ती पोचते का, आणि परतीची शेवटची गाडी कोणती. नगररचना अधिकाऱ्याने नव्हे, ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणीतरी एकाने त्या गाडीने जाऊन यावे आणि मग परिशिष्ट भरावे. तोवर सध्याच्या तुरुंगांबाहेर, जिथे बायका भिंतीच्या सावलीबरोबर सरकत बसतात, तिथे नगरपालिकेने एक पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ बसवायला कुणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही.